तांबटांच्या कानांचा कैवारी

व्हेनिसचे नाव घेताच कालवे, होड्या आणि नाजूक काचसामान डोळ्यांसमोर उभे राहते. अठराव्या शतकाच्या आरंभी मात्र त्या वैभवशाली नगरात एक वस्ती अशी होती, की तिच्या आसपास बिऱ्हाड करण्याचे नाव कोणी काढीत नसे. ती वस्ती तांबटांची होती. त्यांची दुकाने तेथे, घरेही तेथे, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तांब्यावर पडणारे घाव ऐकण्यासाठी दुसरे कोणी शेजारी राहिलेच नव्हते. आवाज सोसेनासा झाल्याने बाकीच्यांनी केव्हाच दूर घरे केली होती. पुण्यातील कसबा पेठेच्या तांबट आळीतून ज्यांनी कधीकाळी वाट काढली असेल, त्यांना या वर्णनाचे नवल वाटणार नाही. एका सुरात टकटक करणाऱ्या पक्ष्याला आपल्या लोकांनी तांबट हे नाव दिले, यावरून हा ध्वनी जनमानसात किती खोल रुतला होता ते कळते.

या व्हेनिसच्या वस्तीत एक वयोवृद्ध वैद्य जाऊन थांबला. जमिनीवर लहानशी चटई टाकून, पाठीत वाकून, आधी लाकडी आणि मग लोखंडी हातोड्यांनी तांबे ठोकणारी माणसे त्याने न्याहाळली. शेजारी पळून गेले हे सर्वांना दिसत होते. जे पळून जाऊ शकत नाहीत, ज्यांची भाकरीच त्या आवाजावर आहे, त्यांच्या कानांचे काय होते, हा प्रश्न त्याला पडला. बर्नार्दिनो रामाझिनी हे त्याचे नाव. व्यवसायजन्य रोगांच्या वैद्यकाचे जनक म्हणून आज जग त्यांना ओळखते.

रामाझिनी यांचा जन्म १६३३ मध्ये उत्तर इटलीतील कार्पी या गावी झाला. मोदेना येथील एस्ते घराण्याच्या ड्यूकची सत्ता या गावावर होती. जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे पार्मा विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, मग वैद्यकाकडे वळून १६५९ मध्ये पदवी मिळविली. पदवी घेतल्याबरोबर दवाखाना थाटण्याऐवजी ते रोमला गेले आणि तेथील एका अनुभवी वैद्याच्या हाताखाली रुग्ण तपासण्याचे शिक्षण त्यांनी घेतले. त्यानंतर रोमच्या उत्तरेकडील कानिनो आणि मार्ता या गावांचे वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. हा प्रदेश हिवतापाचा. ज्या तापावर ते इतरांना औषध देत, त्यानेच त्यांना गाठले. प्रकृती इतकी ढासळली, की सारे सोडून त्यांना कार्पीला परतावे लागले. काम करण्याची जागाच माणसाला आजारी पाडते, हा धडा त्यांना ग्रंथांतून मिळण्याआधी स्वतःच्या शरीरातून मिळाला.

गावी परतल्यावर प्रकृती सुधारली, विवाह झाला, व्यवसायात जम बसला. १६७१ मध्ये ते मोदेना शहरात आले. राजधानीतील प्रस्थापित वैद्यांनी या खेडवळ स्पर्धकाचे स्वागत केले नाही. फ्लॉरेन्सचे दरबारी वैद्य मोनिल्या यांच्याशी एका रुग्ण स्त्रीच्या मृत्यूवरून त्यांचा दीर्घकाळ लेखी वादही झडला. तरीही त्यांची कीर्ती वाढत गेली. ड्यूक फ्रान्चेस्को दुसरे यांनी मोदेनाच्या विद्यापीठाचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा १६८२ मध्ये वैद्यकाच्या सिद्धान्तपक्षाचे अध्यापन रामाझिनी यांच्याकडे सोपविण्यात आले. पुढील अठरा वर्षे ते या पदावर होते.

त्यांची जिज्ञासा वैद्यकाच्या चौकटीत मावणारी नव्हती. मोदेनाच्या परिसरात ठरावीक खोलीवर भोक पाडताच विहिरीत पाणी उसळून येई. या विहिरींवर त्यांनी १६९१ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वायुभारमापकाच्या नोंदी ठेवल्या, पिकांवरील तांबेऱ्याचा आणि त्याच वर्षी पसरलेल्या तापाच्या साथींचा संबंध तपासला, डोंगरातून झिरपणाऱ्या खनिज तेलाचाही अभ्यास केला. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ एस्ते घराण्याच्या वंशावळीची कागदपत्रे शोधत मोदेनाला आले असता त्यांचा रामाझिनी यांच्याशी परिचय झाला आणि तो पुढे पत्रव्यवहाराने टिकला. रुग्णाकडे पाहताना त्याच्या भोवतीची हवा, पाणी, ऋतू आणि वस्ती यांची दखल घेण्याची सवय या काळात पक्की झाली. ज्या ग्रंथाने त्यांना अमर केले, त्याची पूर्वतयारी हीच होती.

त्या ग्रंथाचा उगम मात्र अगदी साध्या, घरगुती प्रसंगात आहे. मोदेनात दर तीन वर्षांनी घरोघरचे शौचकूप उपसण्याची पद्धत होती. रामाझिनी यांच्या घरी हे काम चालू असताना त्यातील एक मजूर जिवाच्या आकांताने, क्षणाचीही उसंत न घेता राबताना त्यांना दिसला. त्यांना दया आली. इतकी घाई कशासाठी, सावकाश का करीत नाहीस, असे त्यांनी विचारले. या जागी गरजेपेक्षा अधिक वेळ थांबले तर दृष्टी जाते, असा त्या मजुराच्या उत्तराचा आशय होता. तो वर आल्यावर रामाझिनी यांनी त्याचे डोळे तपासले. ते लाल झाले होते, दृष्टी मंदावली होती. त्यावर तो काय उपाय करतो, हेही त्यांनी विचारून घेतले. घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत स्वतःला कोंडून घ्यायचे आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहायचे, एवढाच त्याचा इलाज होता. पुढे त्यांनी शहरात चौकशी केली, तेव्हा हेच काम करून आंधळे झालेले अनेक जण भीक मागताना त्यांना आढळले.

विद्यापीठातील आचार्याने शौचकूप उपसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तरातून शास्त्र शिकावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. वैद्य रुग्णाची नाडी पाही, मूत्र पाही, ग्रहमानही पाही. पण तो पोटासाठी काय करतो, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नसे. रुग्णाला काय विचारावे याची यादी हिपोक्रेटीसच्या परंपरेने घालून दिली होती. रामाझिनी यांनी त्या यादीत एका प्रश्नाची भर घातली: तुझा व्यवसाय कोणता? गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने घाईघाईने नाडी धरू नये, साध्या तिवईवरही सोन्याच्या आसनावर बसल्यासारखे स्वस्थ बसावे आणि मग विचारपूस करावी, असा त्यांचा आग्रह होता.

१७०० मध्ये मोदेना येथे त्यांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘दे मॉर्बिस आर्तिफिकुम दियात्रिबा’, म्हणजे कारागिरांच्या रोगांविषयीचे विवेचन. खाणकामगारांच्या रोगांवर त्यांच्यापूर्वी अ‍ॅग्रिकोला आणि पॅरासेल्सस यांनी लिहिले होते. परंतु चाळीसहून अधिक व्यवसायांचा एकत्र विचार करणारा हा पहिला ग्रंथ. मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून आणि कुंभारांना शिशापासून होणारी बाधा, दगड फोडणाऱ्यांच्या छातीत साठणारी धूळ, दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पायांवरील फुगलेल्या शिरा, सुईणी, दाया, धोबिणी, प्रेतवाहक, गायक या सर्वांची दुखणी त्यात आली. विद्वानांच्या बैठ्या आयुष्यालाही त्यांनी सूट दिली नाही. जोगिणींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा अधिक दिसते, ही त्यांची नोंद तर पुढील संशोधकांनी वारंवार आठवली.

याच ग्रंथात कानांचा प्रश्न प्रथम आला तो पिठाच्या गिरणीवाल्यांच्या निमित्ताने. चाकांची घरघर, जात्यांचे घर्षण आणि उंचावरून कोसळणारे पाणी यांचा मारा रात्रंदिवस सोसणाऱ्या या लोकांना कमी ऐकू येते, हे त्यांनी टिपले होते. त्याच वर्षी व्हेनिस प्रजासत्ताकाने त्यांना पादुआ विद्यापीठात पाचारण केले. वयाच्या सदुसष्टीकडे झुकलेला हा माणूस नव्या शहरात गेला आणि तेथेही कारखाने पाहत राहिला. १७१३ मध्ये पादुआ येथे ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या पुरवणीत बारा व्यवसायांची भर होती. मुद्रक, लेखनिक, विणकर, सुतार, नावाडी यांच्याबरोबर व्हेनिसचे तांबटही तेथे अवतरले.

तांबटांविषयीचे त्यांचे निरीक्षण थोडक्यात असे. अखंड ठोक्यांनी प्रथम कानांना आणि मग साऱ्या मस्तकाला इजा होते. या धंद्यातील माणसाला हळूहळू कमी ऐकू येऊ लागते आणि तो म्हातारपणापर्यंत जगला तर पुरता बहिरा होतो. सततच्या आघाताने कानाच्या पडद्याचा नैसर्गिक ताण नाहीसा होतो, असे त्यांनी कारण दिले. नाईल नदीच्या धबधब्यांपाशी राहणारे लोक पाण्याच्या गर्जनेने बहिरे होतात, या प्राचीन कथेची त्यांनी येथे आठवण करून दिली. सदैव वाकून बसल्याने या कारागिरांना येणारे पोकही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. उपाय म्हणून कानांत कापूस भरावा, म्हणजे आतल्या भागांना आवाजाचा त्रास कमी होईल, असे त्यांनी सुचविले.

गोंगाटाविरुद्धचे नियम त्यांच्याही आधी होते. प्राचीन सिबारिस नगरीतील विलासी नागरिकांनी लोहार, सुतार यांसारख्या आवाजी धंद्यांना गावाच्या हद्दीत मज्जाव केला होता, असे जुने ग्रीक ग्रंथ सांगतात. तो नियम नागरिकांच्या झोपेसाठी होता. हातोडा मारणाऱ्याच्या कानांशी त्याला कर्तव्य नव्हते. रामाझिनी यांनी आवाजाचा विचार प्रथमच आवाज करणाऱ्याच्या बाजूने केला, हे त्यांचे वेगळेपण आहे.

त्यांचे कारण चुकले होते, हे आज आपल्याला माहीत आहे. दीर्घकाळच्या गोंगाटाने होणारी हानी कानाच्या पडद्यात होत नाही. ती त्याच्या पलीकडे, गोगलगाईच्या शंखासारख्या अंतःकर्णात होते. तेथील इंद्रियाचे सूक्ष्म वर्णन करण्यासाठी १८५१ साल उजाडावे लागले आणि ते करणारा अल्फोन्सो कोर्ती हाही इटालियनच. प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींबरोबर त्यांची सूक्ष्म केसरे डोलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. सततच्या प्रखर आवाजाने त्या थकतात, मग मरतात, आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. आरंभी तोटा होतो तो चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांचा. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाहीत. वेदना नाही, रक्त नाही, जखम नाही. आपण काही गमावीत आहोत, हे कळेपर्यंत ते गेलेले असते. कारण चुकले तरी रामाझिनी यांचा निष्कर्ष आणि उपायाची दिशा अचूक होती: गेलेले ऐकणे परत आणता येत नाही, म्हणून ते जाण्याआधीच अडवायला हवे.

नुसत्या निरीक्षणाने जग बदलत नाही, याचाही त्यांना अनुभव होता. मोदेनाच्या राज्यातील फिनाले या गावी एका व्यापाऱ्याचा रसकापूर तयार करण्याचा मोठा कारखाना होता. त्याच्या धुराने परिसरातील लोक दगावतात, अशी तक्रार एका नागरिकाने न्यायालयात केली. गावच्या वैद्याने साक्ष दिली. चर्चमधील मृत्यूंची नोंदवही दाखल झाली. इतर भागांच्या मानाने कारखान्याच्या परिसरात दरवर्षी अधिक माणसे मरतात, हे तीत स्पष्ट दिसत होते. तरीही निकाल कारखानदाराच्या बाजूने लागला. ही हकीकत रामाझिनी यांनी आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. आकडे, वैद्य आणि मृतांची नावे एका पारड्यात असतानाही व्यापाराचे पारडे जड ठरू शकते, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते.

म्हणूनच त्यांचे उपाय आज वाचताना काहीसे केविलवाणे भासतात. तोंडाला फडके बांधा, अंग धुवा, कपडे बदला, अधूनमधून विश्रांती घ्या, कानांत कापूस भरा. कामाची रीत बदला असे सांगण्याची सत्ता वैद्याला नव्हती आणि धंदा सोडा असे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण धंदा सोडणारा उपाशी मरणार हे त्यांना ठाऊक होते. ज्या कामाने पोट भरते तेच काम आयुष्य खाते, हा पेच त्यांच्या साऱ्या ग्रंथात जाणवत राहतो. त्यांनी तो सोडविला नाही. पण तो दैवाचा भाग नसून वैद्यकाचा विषय आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले.

आयुष्याच्या अखेरीस त्यांची स्वतःची दृष्टी मंदावत गेली. शौचकूप उपसणाऱ्याच्या डोळ्यांवरून ज्यांच्या महान कार्याला आरंभ झाला, त्यांच्याच डोळ्यांपुढे अंधार दाटावा, हा दैवाचा क्रूर खेळच म्हणायचा. त्यांनी निवृत्तीची इच्छा व्यक्त केली, परंतु व्हेनिसच्या सिनेटने ती मानली नाही. उलट वैद्यकाच्या अध्यापनातील श्रेष्ठ पदावर त्यांना चढविले. तांबटांच्या कानांविषयीचे प्रकरण असलेली दुसरी आवृत्ती याच काळातील. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी, व्याख्यानाला निघण्याच्या तयारीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पादुआ येथेच त्यांचे निधन झाले. वयाची एक्याऐंशी वर्षे त्यांनी गाठली होती. पुढे पुतण्या बार्तोलोमेओ याने त्यांचे चरित्र लिहिले.

ग्रंथाचे आयुष्य त्यांच्याहून कितीतरी मोठे ठरले. १७०५ मध्येच त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले होते. १७७७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फुर्क्रॉय यांनी तो आपल्या भाषेत आणला. अ‍ॅडम स्मिथ यांनी ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये या इटालियन वैद्याचा उल्लेख केला, तर कार्ल मार्क्स यांनी ‘भांडवल’ ग्रंथात त्यांचा आधार घेतला. अर्थकारणाच्या दोन टोकांवरील या दोन विचारवंतांना एकाच पुस्तकाची आठवण व्हावी, यातच त्याचे महत्त्व आले.

तांबटांच्या कानांना न्याय मिळण्यास मात्र फार उशीर लागला. औद्योगिक क्रांतीने एका गल्लीतला गोंगाट शहरभर नेला. वाफेच्या बॉयलरमध्ये शिरून रिबिटे ठोकणारे कामगार इतके सर्रास बहिरे होत, की त्या व्याधीलाच बॉयलरवाल्यांचे नाव मिळाले. ग्लासगोचे कर्णतज्ज्ञ टॉमस बार यांनी १८८६ मध्ये अशा शंभर कामगारांचे कान तपासले आणि शंभर ओतारी व शंभर टपालवाल्यांच्या कानांशी त्यांची तुलना केली. बॉयलरवाल्यांपैकी एकाचेही ऐकणे निर्दोष आढळले नाही. रामाझिनी यांनी डोळ्यांनी जे पाहिले, त्याला आकड्यांचा आधार मिळाला तो असा पावणेदोनशे वर्षांनी.

कायदा त्याहूनही मागे राहिला. अमेरिकेत कारखान्यांतील आवाजाची मर्यादा व्यापक प्रमाणात अमलात आली ती १९७० च्या सुमारास, आणि आठ तासांसाठी ती ९० डेसिबल ठरली. १९७२ मध्ये तेथील व्यावसायिक आरोग्य संस्थेने ही मर्यादा ८५ वर आणण्याची शिफारस केली. १९८३ पासून ८५ डेसिबलच्या पुढे काम करणाऱ्यांची नियमित श्रवणचाचणी बंधनकारक झाली. हा पाच अंकांचा फरक दिसतो तेवढा लहान नाही, कारण आवाज तीन डेसिबलने वाढला की त्यातील ऊर्जा दुप्पट होते. भारतातही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा नोंदवण्याजोगा रोग म्हणून समाविष्ट झाला. त्या कायद्याखालील आदर्श नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा मानली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतील यादीतही हा रोग आहे. परंतु कायदा बोलतो तो कारखान्याशी. तांबट आळीतील कारागीर, गल्लीतला पत्र्याचे काम करणारा, रस्ता फोडणारा मजूर यांच्या कानांची चाचणी कोण घेणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मुंबईच्या गिरणगावात ज्यांच्या घरचे कोणी साचेखात्यात होते, त्यांना या प्रश्नाची धग अधिक जाणवेल. शेकडो मागांच्या खडखडाटात पाळी संपवून घरी आलेला माणूस मोठ्याने बोले, दोनदा विचारी, मग हळूहळू बोलणेच कमी करी. घरातले त्याला वयाचा दोष मानीत. बहिरेपणाची खरी किंमत अशी घरात मोजली जाते. ती पगाराच्या कागदावर कोठेच दिसत नाही.

रामाझिनी यांचा कापूस आता मागे पडला आहे. साध्या कापसाने आवाज फारसा अडत नाही, म्हणून नीट बसणारे बोळे आणि कानांवरची टोपणे आली. तज्ज्ञांचा क्रमही बदलला आहे. आधी यंत्राचा आवाज मुळात कमी करायचा, ते जमले नाही तर यंत्राला आच्छादन घालायचे, कामगाराचा तेथील वेळ घटवायचा आणि त्यानंतरही उरेल त्यासाठी कानांचे संरक्षक. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो: बोळ्यांची एक जोडी हातावर ठेवली, की जबाबदारी संपली. म्हणजे तीनशे वर्षांनंतरही आपण बहुधा कापसापाशीच थांबलो आहोत.

म्हणूनच त्या ग्रंथातील सर्वांत मोलाची गोष्ट कापूस नव्हे, तर तो एक प्रश्न आहे. उंची दवाखान्यात असो वा सरकारी रुग्णालयाच्या रांगेत, नीट ऐकू येत नाही म्हणून समोर बसलेल्या माणसाला तो काय काम करतो आणि किती वर्षे करतो, हे विचारायला पैसे लागत नाहीत. थोडा वेळ लागतो आणि थोडा आदर लागतो. तिवईवर स्वस्थ बसणाऱ्या मोदेनाच्या त्या वैद्यापाशी या दोन्ही गोष्टी होत्या.